लोडाची दोन्ही टोकं

गादीच्या दुकानात मी एकतीस वर्षं खोळी शिवल्या. दुर्गदबैलाच्या बाजारात नागोजीअण्णांचं दुकान होतं, त्याच्या माडीवर खिडकीशी माझं मशीन. खाली कापूस पिंजला जायचा आणि त्याची तुसं जिना चढून वर यायची. संध्याकाळी तिथंच मागच्या गल्लीत घरी गेले की आमचे मालक माझ्या भुवया झटकायचे. ते रेल्वेच्या वर्कशॉपात होते, त्यांचे हात काळे आणि माझ्या भुवया पांढऱ्या. म्हणायचे, "दुर्गव्वा, सकाळी बायको कामाला पाठवली होती, संध्याकाळी सासू परत आली." आता मालक नाहीत, आणि भुवया झटकल्या तरी पांढऱ्याच राहतात.

नागोजीअण्णांचा एकच नियम होता. रिकामी खोळ दुकानाबाहेर जायची नाही आणि उघडं तोंड कुणाच्या हातात द्यायचं नाही. कापूस भरा, तोंड शिवा, मग द्या. एकदा एक बाई नुसती खोळ मागायला आली होती, तर अण्णांनी तिला चहा पाजला, तासभर बसवून ठेवलं आणि भरलेली उशीच तिच्या काखेत दिली. ती बिचारी म्हणत होती, माझ्याकडे कापूस आहे, माझ्याकडे कापूस आहे. पण ऐकतो कोण? असल्या माणसाच्या हाताखाली एकतीस वर्षं काढली की नियम डोक्यात राहत नाही, तो बोटांत उतरतो. त्या बोटांनी माझ्या नातीचं वर्ष घालवायचंच बाकी ठेवलं होतं.

नात म्हणजे रश्मी, माझ्या मुलाची मुलगी. विद्यानगरला एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते. बाकी विषयांत बरी आहे, पण गणिताचा एक पेपर दोनदा राहिला. तिसऱ्यांदा राहिला असता तर पुढच्या वर्गात बसता आलं नसतं, अख्खं वर्ष घरी. त्यात नवीन आलेले मंजुनाथ सर म्हणाले, पेपरच्या आधी माझ्याकडे तोंडी परीक्षा द्या. तोंडीत जो पडेल त्यानं पेपरला यायचंच नाही. समीकरणांवरून होणारे पाच आकार घरातल्या कशाचेही बनवून आणा, मोबाईलवरचं चित्र चालणार नाही. बनवायला कुणाचीही मदत घ्या, समजवायला मात्र एकटं यायचं.

तोंडीला चार दिवस होते. रश्मी जमिनीवर बसून पाठ करत होती, "एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर चार. वर्तुळ. नाही नाही, सिलिंडर. वर्तुळ... सिलिंडर."

"सिलिंडर परवाच आला की गं," माझी सून सुकन्या कट्ट्यापाशी पोळ्या करत होती, तिथून म्हणाली.

"आई, तू गप्प बस हं!"

मी विचारलं, "वर्तुळ का म्हणतेस मग?"

"कारण कागदावर ते वर्तुळच असतं, आज्जी. शाळेपासून तेच शिकलो. मी दोन्ही पेपरांत वर्तुळ लिहिलं आणि दोन्ही वेळा शून्य मिळालं. म्हणे, कागदावर नाही, जागेत विचारलंय. जागेत म्हणजे कुठं, माझ्या डोक्यात?"

ती रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, मला समजाव. मला समजलं तर कुणालाही समजेल.

तिनं खोलीचा कोपरा दाखवला. "दोन भिंती आणि जमीन जिथं भेटतात ना, तो शून्य. तिथून कट्ट्याकडे जाते ती रेघ एक्स. दाराकडे जाते ती वाय. कोपऱ्यातून सरळ वर जाते ती झेड."

"वर म्हणजे गच्चीवर?"

"हो."

"आणि खाली?"

"खाली उणे झेड."

"खाली अंबूताई राहते."

"मग अंबूताई उण्यात."

खालच्या खिडकीतून आवाज आला, "कोण गं उण्यात?" आमच्या घरात शिंकलं तरी खालून 'शतायुषी हो' येतं. रश्मीनं खिडकी लावून घेतली.

"आता बघ," ती म्हणाली. "एक्स आणि वाय या दोघांना मिळून चारात बांधलंय. झेडचं नावच घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे त्याला बंधन नाही. तो वाटेल तेवढा वर, वाटेल तेवढा खाली."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अंबूताईंचे मालक बाबाजी मोबाईल डोक्यावर धरून गच्चीकडे चालले होते. त्यांना घरात नेटवर्क मिळत नाही. दिवसातून वीस वेळा तळापासून गच्चीपर्यंत चढतात, "हॅलो, हॅलो, आता येतंय का?" म्हणत पुन्हा उतरतात.

"म्हणजे झेड म्हणजे आपले बाबाजी," मी म्हटलं. "जिन्यातून इकडेतिकडे जायचं नाही, पण वर-खाली मुभा."

रश्मीनं हातातलं पुस्तक मिटलं.

"आणि वर्तुळाच्या एकेका ठिपक्यावर एकेक बाबाजी उभा केला, सगळ्यांना नेटवर्क शोधायला सोडलं, की काय होईल? लोड होईल! बैठकीवर टेकायला ठेवतात तो. कापडाची गोल नळी."

"आज्जी!" कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "आणि झेड वर्गसुद्धा आत घेतला, तिघं मिळून बरोबर चार, तर?"

"तर अंबूताईनं जेवायला हाक मारली. बाबाजींना आता लांब जाता येत नाही."

"मग गोळा होतो. स्फिअर."

"होणारच. मोकळा सुटलेला माणूस घरात घेतला की गोळाच होतो."

त्या दिवसापासून आमच्या घराचं डोकं फिरलं. माझा चष्मा हरवला की रश्मी ओरडायची, "आज्जी, दोन, तीन, एक!" आणि मी कोपऱ्यापासून दोन पावलं कट्ट्याकडे, तीन दाराकडे जाऊन कंबरेएवढ्या फळीवर हात फिरवायची. चष्मा सापडायचा. सुकन्या आधी वैतागली, मग तीच म्हणायला लागली, "मिठाचा डबा कुणी झेडमध्ये वर ठेवला? माझा हात पोचत नाही." अंबूताईंना आपण उणे आहोत हे काही पटलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या घरातून मोजा, मग तुम्ही नुसते अधिक, आम्ही शून्य. शून्य चालेल."

आकार मी शिवायचे ठरले. गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड माझ्याकडे होतं. माप म्हणून चार बोटांचा एक आकडा धरला. लोडाला वर्तुळाच्या मधोमधपासून कडेपर्यंत दोन आकडे, उंची सहा आकडे. रश्मी गणित करून कापड किती लागेल ते काढायला बसली, तोवर मी कापून मोकळी झाले. गोल कशालाही रुंदीच्या तिप्पट आणि वर थोडं कापड लागतं, हे मला नागोजीअण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिचा आकडा आला तेव्हा तो माझ्या कापडापेक्षा दोन बोटं कमी निघाला. "ती शिवणीत जातात," मी म्हटलं. ते तिच्या पुस्तकात नव्हतं.

लोड झाला, गोळा झाला, शेंगदाण्याच्या पुडीसारखा शंकू झाला, खोल वाडग्यासारखा एक झाला. पाचवा मात्र नाठाळ निघाला. त्याचं समीकरण झेड बरोबर एक्स वर्ग उणे वाय वर्ग. पुढे-मागे वर चढतो, डावी-उजवीकडे खाली उतरतो. कापड काही केल्या बसेना. मग मला टांगेवाल्याच्या घोड्याचं खोगीर आठवलं. लहानपणी स्टेशनवर टांगे असायचे, मी ते खोगीर हात लावून लावून बघायची आणि घोडा मला शेपूट मारायचा. कडेला झालरीसारखं जास्तीचं कापड सोडलं, मग ते आपोआप वाकलं.

तोंडीच्या दिवशी सकाळी पाचही खोळी तयार होत्या. रश्मी म्हणाली, "आज्जी, आता फक्त आतून तारेच्या कड्या घालून उभ्या करायच्या. मी हार्डवेअरच्या गल्लीतून तार आणते. तू कशाला हात लावू नको."

ती साडेनऊला गेली. मी सकाळची वंदना घेतली, चहा प्यायले आणि बसले. समोर पाच रिकाम्या खोळी भिंतीला टेकून लोळत होत्या. लोडाची दोन्ही तोंडं उघडी. असं वाटत होतं की नागोजीअण्णा आत्ता जिना चढून येतील आणि म्हणतील, दुर्गव्वा, हे काय, पाच उघडी तोंडं परीक्षेला पाठवतेस?

माळ्यावर आमच्या मालकांची गादी गुंडाळून ठेवली होती. आठ वर्षं कुणी झोपलं नव्हतं तिच्यावर. मी सुकन्याला म्हटलं, खाली काढ. मग पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, बोटांनी केलं. कापूस सोडला, ऊन दाखवलं, ठासून भरला. लोडाच्या दोन्ही टोकांना गोल तळ लावले. खोगीराला आत असं काही नव्हतंच, म्हणून खालून दुसरं कापड जोडून तेही फुगवलं. अकराला रश्मी तार घेऊन आली, तेव्हा पाच गुबगुबीत आकार ओळीनं बसले होते आणि त्यांच्या शेजारी मी.

ती दारातच थांबली.

"आज्जी. हे काय केलंस?"

"भरलं. मस्त झालंय की नाही?"

"आज्जी, बरोबर म्हणजे नुसती खोळ!" तिचा आवाज फाटला. "समीकरण म्हणजे फक्त कापड. सरफेस. कापूस भरला की ते 'चारपेक्षा कमी किंवा चार' होतं. त्याला रीजन म्हणतात. पूर्ण वेगळं उत्तर! आणि लोडाला टोकं नसतातच, झेड मोकळा आहे ना! तूच म्हणालीस ना, बाबाजी!"

मी कात्री उचलली तर खालून रिक्षाचा हॉर्न. आमचा पिंटू आला होता, माझ्या मावसबहिणीचा जावई, डोक्याला टक्कल, वेळेचा पक्का. "मावशी, बाराला पोचायचं म्हणालात, निघा की!"

तसेच निघालो. पाच आकार, रश्मी आणि मी, पिशवीत कात्री आणि सुईदोरा. पिंटू वळून म्हणाला, "सोफा सेट कुणाच्या लग्नाला?" रश्मी लोडावर कपाळ टेकून पुटपुटत होती. विद्यानगरच्या सिग्नलला पिंटूनं करकचून ब्रेक दाबला आणि गोळा माझ्या मांडीवरून सुटला. रस्त्यावर टप्पे घेत तो बसच्या वेगळ्या लेनमध्ये गेला. बस थांबली. ड्रायव्हर उतरला, त्यानं गोळा उचलला, दाबून पाहिला, उशीसारखा मानेखाली धरून पाहिला आणि आणून दिला. "छान मऊ आहे," तो कानडीत म्हणाला. एरवी मी खूश झाले असते.

कॉलेजात मला आत जायला परवानगी नव्हती. दाराबाहेरच्या बाकावर बसले. उकाड्यामुळे दार उघडंच होतं. मंजुनाथ सर चाळिशीतले, जाड मिश्यांचे, कंबर धरून बसलेले. धारवाडहून रोज स्कूटरवर येतात, असं रश्मी म्हणाली होती. ते कानडीत विचारत होते, रश्मी अर्ध्या कानडीत, अर्ध्या इंग्रजीत उत्तर देत होती. मी माझ्या भाषेत लिहिते आहे.

तिनं लोड टेबलावर उभा केला.

"एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर चार," ती म्हणाली.

सरांनी लोडाला बोटानं टोचलं. "इदु एनु?" हे काय, म्हणून विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "दिंबु. उशी. मी समीकरण मागितलं होतं, अम्मा, तू उशी आणलीस."

"सर, आज्जीनं भरलं," रश्मी हळूच म्हणाली.

सरांनी दाराकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

"तोंडी आज्जीची नाही, तुझी आहे. जे मागितलं ते आणलं नाहीस. ठीक. मग जे आणलंस ते काय आहे, ते सांग."

पंखा फिरत होता. माझ्या मनात आलं, एकतीस वर्षांत एकही शिवण उसवून परत आली नाही, आणि आज पोरीचं वर्ष माझ्या हातानं उसवतंय.

मग तिचा आवाज आला. "सर, ही जागा आहे. हिच्यात एक्स वर्ग अधिक वाय वर्ग चारपेक्षा कमी किंवा चार. आणि झेड शून्यापासून सहापर्यंत."

"कमी किंवा चार? की फक्त कमी?"

"किंवा चार, सर. खोळ आहे ना. फक्त कमी असतं तर खोळीशिवाय नुसता कापूस."

"नुसता कापूस असा उभा राहील?"

"घरात नाही राहणार, सर. गणितात राहतो."

सरांच्या मिशीचं एक टोक हललं. "बरोबर हवं असेल तर?"

रश्मी दाराशी आली, हात पुढे केला. मी कात्री दिली. तिनं वरच्या टोकाची शिवण कापली आणि मूठभर मूठभर कापूस उपसायला लागली. वर पंखा, खाली कापूस, पुढचं काय सांगू. अर्ध्या मिनिटात आमचे मालक वर्गभर झाले. पंख्याभोवती फिरत होते, फळ्यावर बसत होते, सरांच्या मिशीवर उतरत होते. आयुष्यभर इंजिनाखाली काढलं, इंजिनिअरिंगच्या वर्गात पहिल्यांदाच आले.

"आता बरोबर," रश्मी म्हणाली. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "आता नुसतं कापड."

सरांनी मिशी झटकली. "हा वर कुठं संपतो?"

"संपत नाही, सर. वर गच्चीच्याही वर जातो, खाली अंबूताईंच्या..." तिनं जीभ चावली. "खालीही तितकाच जातो. इथं थांबला कारण कापड संपलं."

सरांनी फायलीतून दोन जुने पेपर काढले. "दोन वेळा तू लिहिलंस, हे वर्तुळ आहे. दोन वेळा शून्य मिळालं. मग जागेत वर्तुळ नसतंच का? असेल तर दाखव. या उशीतच दाखव."

मी बाकावरून अर्धी उठले. रश्मीनं खोळ फिरवली, आत पाहिलं, बाहेर पाहिलं. वरचं टोक तिनं कापून टाकलं होतं. खालचं मात्र माझ्या सवयीप्रमाणे दुहेरी टाक्यानं बंद होतं. तिनं खोळ उलटी केली आणि त्या टोकाच्या कडेनं सावकाश बोट फिरवलं, गोल, पुन्हा गोल.

"हे, सर. ही शिवण."

"हिचं समीकरण?"

"एक नाही, दोन. बाजूचं कापड म्हणजे एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर चार. तळाचं कापड म्हणजे झेड बरोबर शून्य. दोन्ही कापडं जिथं भेटतात तिथं ही रेघ होते. मी दोन्ही वेळा एकच कापड लिहिलं, सर. एकाच कापडाला शिवण कुठून येणार?"

खरं तर बाजूच्या कापडालाही एक उभी शिवण होती, नळी जोडल्याची. ती मी आतल्या बाजूनं लपवली होती. सरांना दिसली नाही, आणि मी काही सांगायला गेले नाही.

"आयतु," सर म्हणाले. झालं. त्यांनी कागदावर सही केली. मग बाकीचे आकार विचारले. रश्मी आता न थांबता बोलत होती, मध्येच थुंकून कापूस काढत होती. खोगीराची पाळी आली तेव्हा सर उठले, ते खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसून पाहिलं. बराच वेळ बसले. मग दाराशी येऊन मला म्हणाले, "अज्जी, याला आत नसतं हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"आता कळलं, सर."

"पण कापूस काढू नका," ते म्हणाले. "स्कूटरवर धारवाडपर्यंत कंबर फार दुखते."

मी ते त्यांना देऊन टाकलं. अजूनही ते झेड बरोबर एक्स वर्ग उणे वाय वर्गवर बसूनच कॉलेजात येतात, असं रश्मी सांगते. पुढे महिन्याभरानं पेपर झाला, त्यात ती सुटली. आता वरच्या वर्गात आहे.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. वर्ग झाडून कापूस आम्ही पिशवीत भरला होता. पिंटू म्हणाला, "जाताना सोफा पाच जणांचा होता, येताना चार जणांचा झाला." रश्मी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी तिच्या भुवया झटकल्या. मग लोडाची खोळ मांडीवर घेतली, कापूस पुन्हा आत ठासला आणि सुईत दोरा ओवला. उघडं तोंड घेऊन दुर्गदबैलात कशी शिरणार? चन्नम्मा सर्कल येईपर्यंत मी वरचा झेड बरोबर सहा शिवून टाकला.